जिभेखालचा ठिपका

माझ्या सासूबाई निवृत्त झाल्या आणि आठवड्याभरात आमचं घर त्यांना पुरेनासं झालं. आयुष्यभर त्या पोस्टात पार्सलच्या खिडकीमागे बसल्या. समोरचा माणूस कितीही गयावया करो, ओळखपत्र आणि चेहरा जुळल्याशिवाय त्यांनी कुणाच्या हातात पुडकं दिलं नाही. एकदा सख्ख्या भावाला परत पाठवलं होतं, तो ओळखपत्र घरी विसरला म्हणून. ही गोष्ट त्या अजून अभिमानाने सांगतात आणि भाऊ अजून रागाने सांगतो. अशा बाईला घरी बसवल्यावर ती काय करणार? माझे स्वयंपाकघरातले डबे तपासू लागल्या. शेवटी मीच त्यांना माझ्या दुकानात आणून बसवलं. निदान तिथे डबे नव्हते.

माझं कुत्र्यांचं पार्लर आहे. पुढे काचेचं दार, भिंतीला लागून खुर्च्या, मध्ये रबर घातलेलं उंच टेबल आणि कोपऱ्यात आंघोळीसाठी स्टीलचा टब. मागच्या खोलीत टॉवेल धुवायचं मशीन, आणि कचरा टाकायला एक मागचं दार. लोकांना वाटतं हे काम म्हणजे नुसते लाड. दिवसभर उभं राहून माझ्या पोटऱ्या भरून येतात, केस नाकातोंडात जातात आणि ज्याची नखं कापायची ते गिऱ्हाईकच चावतं. सासूबाईंनी पहिल्या दिवशी नाक मुरडलं. दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या कुत्र्याला मांडीवर घेतलं. त्यानंतर दाराजवळची खुर्ची कायमची त्यांची झाली.

आमच्या भागात हरवलेल्या कुत्र्या-मांजरांचा एक ऑनलाइन ग्रुप आहे. हजारो माणसं आहेत त्यात. कुणाचं जनावर हरवलं की फोटो टाकतात, बाकीचे डोळ्यांत तेल घालून शोधतात, आणि खरोखर सापडतंही. अडचण एवढीच की चांगल्या जातीचं कुत्रं सापडलं की 'माझंच ते' म्हणणारे दहा जण उगवतात. सासूबाईंनी तिथे आपली पार्सलची खिडकी उघडली. नियम असा केला की जनावराची एक खूण फोटोत दाखवायची नाही, कुणाला सांगायची नाही. जो मालक म्हणवतो त्याने ती सासूबाईंना खासगीत कळवायची. जुळली तर सासूबाई ग्रुपवर दोनच शब्द लिहायच्या, "खूण पटली." मग कुणी चकार शब्द काढायचा नाही. महिन्याभरात सगळे त्यांना 'खूणवाल्या काकू' म्हणायला लागले. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, ही म्हण त्या मला रोज ऐकवायच्या, बहुतेक वेळा मी काही विकत आणलं की.

एक दिवस ग्रुपवर 'सम्राटची आजी' या नावाने पोस्ट आली. फोटोत पांढऱ्या केसांची, वेताच्या खुर्चीत बसलेली बाई, आणि तिच्या पायाशी तांबूस कुरळ्या केसांचं कुत्रं. "माझा सम्राट एक बाई उचलून घेऊन गेली. मी अंथरुणाला खिळलेली. बक्षीस द्यायला माझ्याकडे काही नाही, आशीर्वाद देऊ शकते." अख्ख्या ग्रुपने डोळे पुसले. सासूबाईंनी नियमाप्रमाणे खासगीत खूण विचारली. आजींनी लगेच कळवली आणि सासूबाईंनी ती पोटात ठेवली, मलासुद्धा सांगितली नाही.

त्यानंतर दोघींचं जे सूत जुळलं ते विचारू नका. रोज दुपारी जेवण झालं की सासूबाई फोन घेऊन बसायच्या. आजींचे गुडघे दुखायचे, यांचेही दुखायचे. आजींना पहाटे जाग यायची, यांनाही यायची. दोघींच्या सुना तर म्हणे एकाच साच्यातल्या. माझ्यासमोर बसून माझ्याबद्दल टाइप करायच्या आणि मी वळून बघितलं की फोन उलटा ठेवायच्या. मी मनात म्हणायचे, चला, माझ्या कागाळ्या ऐकायला कुणीतरी मिळालं, माझा नवरा सुटला. सासूबाई त्या दिवसांत खुशीत होत्या. त्यांना मैत्रीण अशी कधी मिळालीच नव्हती, कारण ओळखपत्र मागितल्याशिवाय मैत्री करणं त्यांना जमत नव्हतं.

त्याच सुमारास दुकानात एक नवी बाई यायला लागली. असेल तिशीची, बारीक, उकाड्यातही लांब बाह्यांचे कपडे. तिचं कुत्रं तांबूस होतं, पण केस कुणीतरी घरच्या कात्रीने उभे-आडवे कापलेले. "भोपळा म्हणतो आम्ही याला," ती म्हणाली. मी फोन नंबर मागितला, तर म्हणाली फोन नाही, मीच येऊन विचारत जाईन. पुढच्या खुर्च्या रिकाम्या असताना ती मागच्या भिंतीला टेकून उभी राहायची, आणि दार वाजलं की आधी तिची मान वळायची, मग कुत्र्याची. भोपळा गरीब होता. कानामागच्या गाठी सोडवताना कुत्री जीव नकोसा करतात, हा डोळे मिटून माझ्या दंडावर हनुवटी ठेवायचा. मला तो आवडला होता.

तिच्या दुसऱ्या खेपेला मी भोपळ्याचे दात साफ करत होते. "आई, हे बघा," मी सहज म्हटलं, "जिभेखाली कसा ठिपका आहे याच्या. दौतीत बोट बुडवून लावल्यासारखा."

सासूबाई उठून आल्या, वाकून बघितलं, आणि गप्प झाल्या. सासूबाई गप्प झाल्या की मला आधी त्यांचा रक्तदाब आठवतो. पण त्या जाऊन खुर्चीत बसल्या आणि ती बाई जाईपर्यंत फोनकडे बघत राहिल्या. जाताना मी बाईला म्हटलं, कातडीवर खरूज वाटतेय, औषधी साबणाने पुन्हा धुवावं लागेल, गुरुवारी सकाळी या. ती हो म्हणून गेली. दार लागताच सासूबाईंनी फोन माझ्या नाकासमोर धरला. आजींचा जुना निरोप होता: 'जिभेखाली, डाव्या अंगाला, जांभळा ठिपका. मीच फक्त पाहिलाय.'

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," सासूबाई म्हणाल्या. "चोर आपल्याच दुकानात येतोय अंघोळीला."

मला आधी पटेना. मग सासूबाई एकेक मुद्दा मोजायला लागल्या आणि पटत गेलं. नाव बदललेलं. केस ओळखू येऊ नयेत असे कापलेले. फोन नंबर द्यायचा नाही. सारखं दाराकडे बघायचं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच की. तरी मी म्हटलं, "एकदा तिलाच विचारून बघू या का?"

"चोराला विचारून चोरी पकडतात का गं?"

सासूबाईंनी ग्रुपवर लिहिलं, "सम्राटची खूण पटली. मालक खरे." दोनशे लोकांनी टाळ्या पाठवल्या. आजींना त्यांनी खासगीत सगळं कळवलं, पार्लर कुठे आहे, बाई कशी दिसते, कुत्र्याला काय म्हणते, गुरुवारी सकाळी येणार आहे. आजी म्हणाल्या, "मी कुठली येते, माझा मुलगा येईल. तुमचे उपकार कसे फेडू?" सासूबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी मला तो निरोप वाचून दाखवला, एकदा नाही, दोनदा.

आजींनी आणखी एक पाठवलं, मुलाच्या आवाजाची छोटी क्लिप. माझा आवाज खोकल्याने बसलाय, म्हणाल्या, पण मुलाचा आवाज सम्राट लगेच ओळखेल, ऐकवून बघा म्हणजे तुमचीही खात्री होईल. सासूबाईंना ही युक्ती फार आवडली.

गुरुवारी ती बाई वेळेवर आली. मी भोपळ्याला धुतलं, टेबलावर घेतलं, अर्धंअधिक वाळवलं. गाठी फार होत्या म्हणून पोटाखालचे केसही उतरवले. सासूबाईंनी मला डोळ्याने खुणावलं. मी ड्रायर बंद केला. त्यांनी फोन वर धरला आणि क्लिप लावली.

"सम्राट. ये बाळा. इकडे ये. कुणी काही करणार नाही तुला."

आवाज छान होता, मऊ, समजूतदार. आणि कुत्र्याने तो ओळखला, आजी म्हणाल्या होत्या तसाच. त्याचे चारही पाय दुमडले. टेबलाच्या रबरावर तो सपाट झाला आणि त्याच्या पोटाखालून लघवीचा ओघळ माझ्या चपलेवर आला. तोंडातून आवाज म्हणून काढला नाही त्याने. इतक्या वर्षांत कुत्री माझ्या टेबलावर घाबरून ओरडली, चावली, पळाली, पण इतकं गप्प कुणी घाबरलेलं मी पाहिलं नव्हतं.

ती बाई कुत्र्याकडे आली नाही. ती सरळ काचेच्या दाराशी गेली, कडी लावली, 'बंद आहे'ची पाटी उलटवली आणि रस्त्यावरून दिसणार नाही अशा कोपऱ्यात पाठ लावून उभी राहिली. एकाही हालचालीत तिला विचार करावा लागला नाही.

"तो कुठे आहे?" तिने विचारलं.

सासूबाईंनी खिडकीतला आवाज काढला. "तो नाही, त्या. एका अंथरुणाला खिळलेल्या बाईंचं कुत्रं उचलून आणलंत तुम्ही. त्यांच्या जिवाला काय..."

"कुठल्या बाई?"

सासूबाईंनी फोटो पुढे केला. ती थोडं पुढे झुकली, फोटो बघितला, आणि पुन्हा भिंतीला टेकली.

"या माझ्या सासूबाई. यांना जाऊन तीन वर्षं झाली, काकू. हा फोटो मीच काढलाय."

दुकानात फक्त मागच्या मशीनचा आवाज होता. सासूबाई फोटोकडे बघत होत्या. "मग माझ्याशी रोज बोलतं ते कोण?"

"तोच. माझा नवरा." ती म्हणाली. "त्याला लिहायला चांगलं जमतं."

सासूबाई खाली बसल्या. एवढ्या दिवसांचे गुडघे, पहाटेची जाग, सुनेच्या कागाळ्या, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून जात असणार. मला त्यांची दया आली आणि रागही आला, आणि राग माझा मलाही आला, कारण ड्रायर बंद करणारी मीच होते.

"तुम्ही त्याला काय काय सांगितलंत?" बाईने विचारलं.

"सगळं," सासूबाई म्हणाल्या. "आज येतोय तो. आत्ताच."

मी पोलिसांचं नाव काढलं. ती म्हणाली, जाऊन आले. त्याने माझ्या आसपास यायचं नाही असा कोर्टाचा कागदही मिळालाय. कागद दाखवला की तो हसतो. मी म्हटलं मग मागच्या दाराने निघा. पण मागची गल्ली फिरून पुन्हा आमच्याच दुकानासमोर निघते, दुसरीकडे वाटच नाही. मी काचेतून बाहेर बघितलं तेव्हा समोरच्या कडेला एक माणूस गाडीतून उतरत होता. हातात फुलं होती. मी भोपळ्याला उचलून तिच्या हातात दिलं आणि दोघांना मागच्या खोलीत ढकललं. ती मशीनच्या आडोशाला टॉवेलांच्या ढिगावर बसली आणि तिने कुत्र्याचं तोंड आपल्या कुशीत धरलं. दार लोटून मी पुढे आले.

सासूबाईंनी कडी काढली. माणूस आत आला. इस्त्रीचा शर्ट, पुसलेले बूट, चेहऱ्यावर घरी पाहुणा यावा तसं हसू. तो वाकून सासूबाईंच्या पाया पडला. "आईने पाठवलीत," म्हणत फुलं पुढे केली.

सासूबाईंनी फुलं घेतली. "कशा आहेत आई?"

"गुडघे फार त्रास देतात. तुम्ही सांगितलेला लेप रोज लावते. रोज तुमचं नाव काढते." तो खुर्चीत बसला. "मग? कुठे आहे आमचा सम्राट?"

"ती बाई आलीच नाही," सासूबाई म्हणाल्या. "कुणकुण लागली असेल."

सासूबाई आयुष्यात खोटं बोलत नाहीत, त्यामुळे त्यांना ते येत नाही. शेवटचा शब्द उगाच मोठ्याने आला. त्याने हसत मान हलवली आणि नजर फिरवली. ओलं टेबल. जमिनीवर तांबूस केसांचा ढीग. त्याने वाकून त्यातली एक बट उचलली आणि बोटांत फिरवली.

"दुसऱ्या कुत्र्याचे आहेत ते," मी म्हटलं. "सकाळपासून तिसरं तांबडं कुत्रं हे."

"हो का." तो मागच्या दाराकडे बघत होता. "एक हाक मारून बघतो. कसं आहे ताई, तो माझ्या हाकेला येतोच." आणि तो त्याच मऊ आवाजात म्हणाला, "सम्राट. ये बाळा."

कुठलंही कुत्रं मालकाच्या हाकेला काहीतरी करतं. निदान नखं तरी फरशीवर वाजतात. मागून काही आलं नाही. मशीन गुरगुरत होतं, त्यात माझ्या ॲप्रनची बटणं खडखडत होती. तो ऐकत बसला. मीही ऐकत होते, आणि माझ्या मनात एकच होतं, की मशीन थांबू नये.

"काकू," तो सासूबाईंना म्हणाला, "मागे बघितलं तर चालेल ना?"

"ओळखपत्र आणलंय?"

तो हसला. त्याने खिशातून फोन काढला आणि त्यांच्यापुढे धरला. "काकू, तुम्हीच लिहिलंय ना? खूण पटली. मालक खरे. हजार लोकांनी वाचलंय."

"कुत्र्याची पटली," सासूबाई म्हणाल्या. "तुमची कुठे बघितली मी?" हा आवाज मी ओळखत होते. सख्खा भाऊ याच आवाजाने परत गेला होता. त्या उठून मागच्या दारापुढे जाऊन उभ्या राहिल्या, फुलं हातात तशीच. "मागे माझ्या सुनेचं सामान आहे. परक्या माणसाला आत सोडत नाही आम्ही."

तो उठला. हसू तसंच होतं. तो एक पाऊल पुढे आला, आणि नेमकं तेव्हाच दार ढकलून आमचा शेजारचा बेकरीवाला आला, त्याच्या घोड्याएवढ्या कुत्र्याला घेऊन. त्याची वेळ होती, मी विसरूनच गेले होते. ते कुत्रं एरवीही पुरुषांवर भुंकतं. त्या दिवशी ते असं भुंकलं की काच हलली. बेकरीवाला दोरी ओढत "अहो काही करत नाही तो" म्हणत होता आणि कुत्रं दोन पायांवर उभं होतं. माणूस बाजूने सरकत दारापर्यंत गेला. "मी बाहेरच आहे, काकू," तो म्हणाला. "ती आली की हात करा." रस्ता ओलांडून तो आपल्या गाडीत जाऊन बसला.

बेकरीवाल्याला मी दोन वाक्यांत सांगितलं. त्याने तिसरं विचारलं नाही. त्याची पावाची गाडी मी मागच्या गल्लीत लावायला लावली, तो रोज तिथून खोकी चढवतो म्हणून कुणाला काही वाटणार नव्हतं. बसस्थानकापर्यंत तो तिला खोक्यांच्या मागे बसवून नेणार होता.

मागच्या खोलीत गेले तर ती उभी होती. कुत्र्याला तिने टॉवेलांवर बसवलं होतं. "याला तुमच्याकडे ठेवा," ती म्हणाली.

"अगं, घेऊन जा की," सासूबाई म्हणाल्या. आतापर्यंतची अहो-जाहो गळून पडली होती.

"तो याला शोधत नाही, काकू. मला शोधतोय. पण लोक याला शोधतायत. जिथे जाईन तिथे असा ग्रुप असेल. चांगलीच माणसं असतील. तुमच्यासारखी." ती हे टोचून म्हणाली नाही, म्हणून जास्त लागलं. "खाताना जवळ बसावं लागतं याच्या. एकटा खात नाही. छत्रीला भितो." तिने त्याच्या कानामागे बोटं घालून उरलेली एक गाठ सोडवली. सोडवून झाली तरी हात तिथेच होता. मग बेकरीवाल्याने दार वाजवलं.

सासूबाई नंबर लिहून द्यायला लागल्या, तर ती कागद नको म्हणाली. त्यांनी तिच्याकडून तो पाठ करून घेतला, तीनदा म्हणून घेतला. "पोचलीस की कळव. मला झोप येणार नाही." ती हो म्हणाली. "आणि माझ्याबद्दल कुठे काही लिहू नका. चांगलंसुद्धा नाही. मी आज इथे होते हे त्याला नक्की माहीत नाही. तेवढंच आहे माझ्याकडे." एवढं बोलून ती गेली.

तो माणूस संध्याकाळपर्यंत समोर गाडीत बसून होता, आणि पुढचे काही दिवस येऊन बसत राहिला. कुत्र्याला मी त्याच दुपारी पार तासून काढलं. उघडा पडल्यावर तो इतका लहान निघाला की माझ्या नवऱ्याने त्याला टॉवेलांच्या पिशवीत घालून नेलं तरी कुणाला कळलं नाही. सासूबाईंची धाकटी बहीण दुसऱ्या गावी असते. ती फोन फक्त बोलायला वापरते, तिला ग्रुप म्हणजे काय ते ठाऊक नाही. भोपळा तिच्याकडे राहिला.

आठवडा झाला नाही तोच ग्रुपवर आजींची पोस्ट आली. "ज्यांनी खूण पटवली त्या काकूंनीच माझा सम्राट लपवून ठेवला आहे. माझ्या मुलाला दारातून हाकललं. मी आता काय करू?" खाली सासूबाईंचं स्वतःचं वाक्य जोडलं होतं, मालक खरे. बघता बघता ग्रुप उलटला. ज्यांची कुत्री सासूबाईंनी मिळवून दिली होती त्यांनीच सगळ्यात जास्त लिहिलं. दुकानाच्या शटरवर कुणीतरी 'कुत्रेचोर' लिहून गेलं, ते मी घासून काढलं, पुन्हा लिहिलं. जुनी गिऱ्हाइकं यायची बंद झाली. चोर सोडून संन्याशाला सुळी, असं मी म्हणायला लागले की सासूबाई म्हणायच्या, "संन्यासी कुठली गं मी? पत्ता मीच दिला."

एका ओळीने सगळं फिरलं असतं. ही आजी कधीच गेली, हा तिचा मुलगा आहे, बायकोला शोधतोय. पण ती ओळ लिहिली की त्याला कळणार होतं, आम्हाला हे कुणी सांगितलं. सासूबाई मूग गिळून बसल्या. ग्रुपमधून त्यांना काढून टाकलं तेव्हा त्यांनी मला फोन दाखवला आणि म्हणाल्या, "बरं झालं, डोळ्यांना त्रासच होत होता." त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

बाईचा निरोप काही येईना. सासूबाई आंघोळीला जातानाही फोन मोरीच्या उंबऱ्यावर ठेवायच्या.

मग एका दुपारी आला. दुकान रिकामं होतं, मी कात्र्यांना तेल देत होते. अनोळखी नंबर होता. 'काकू, मी पोचले. बरी आहे. भोपळा कसा आहे? एक फोटो पाठवाल?'

सासूबाई उभ्याच राहिल्या. "आला बाई," म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे वाहायला लागले. बहिणीने फोनमधून कसाबसा पाठवलेला भोपळ्याचा एक फोटो होता त्यांच्याकडे, तो शोधायला लागल्या. मी त्यांचं मनगट धरलं.

"आई, हे तिनेच लिहिलंय कशावरून?"

"अगं, भोपळा म्हणतेय."

"ते नाव तुम्ही आजींना कधीच सांगितलं होतं. हसला होतात दोघी."

त्यांनी फोटो शोधणं थांबवलं. मग म्हणाल्या, "एक प्रश्न विचारते. मागच्या खोलीत ती कशावर बसली होती. ते त्याला कुठून कळणार?"

"विचारलंत की ती मागच्या खोलीत होती हे आपणच सांगितलं. आणि कुत्र्याचा फोटो पाठवला तरी तेच. साधं 'कोण भोपळा' विचारलं तरी बोलणं सुरू झालं. त्याला लिहायला जमतं, आई."

सासूबाईंनी फोन टेबलावर ठेवला. आयुष्यभर त्यांनी माणसं परत पाठवली होती, पण त्या माणसांना खिडकीपुढे उभं करून, का नाही ते सांगून.

दुसऱ्या दिवशी त्याच नंबरवरून आलं, 'जेवतो ना तो? जवळ बसावं लागतं, सांगितलं होतं मी.' हेही नवऱ्याला माहीत असणारच, कुत्रा त्याच्याच घरात वाढला होता. सासूबाईंनी ते वाचलं आणि बहिणीला फोन लावून विचारलं, तू जेवताना त्याच्याजवळ बसतेस ना. बहीण म्हणाली, बसते की, माझ्याच ताटातलं खातो तो. सासूबाई म्हणाल्या बरं, आणि फोन ठेवला.

त्यानंतर काही दिवस गेले. मग आलं, 'काकू, रागावलात का माझ्यावर?'

पुढे त्या नंबरवरून काही आलं नाही. सासूबाईंनी ते तिन्ही निरोप पुसले नाहीत, उत्तरही दिलं नाही. एकदा टॉवेलांच्या घड्या घालता घालता त्यांनी मला विचारलं, "ती तीच असली, तर काय म्हणत असेल गं आपल्याला?"

मी घडी घालत राहिले. मला वाटतं, ती तीच होती.